रेव्हिट क्रॅश होतंय म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायला लावणाऱ्यांपासून सांभाळा (म्हापशातला अनुभव)

गोव्यात ज्यांचं छोटं आर्किटेक्टचं किंवा स्ट्रक्चरलचं ऑफिस आहे त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून म्हापसा, पर्वरी, डिचोली या भागातल्या, कारण हा माणूस ऑफिसं फिरतो आणि "कॅडवाल्यांचे पीसी आम्ही स्पेशल बघतो" म्हणून व्हिजिटिंग कार्ड ठेवून जातो. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत लिहितो, त्यावरून ओळखाल.

आमच्याकडे तीन पीसी. सर आर्किटेक्ट, मी आणि आणखी एक मुलगी ड्राफ्टिंगला. पाऊस लागला आणि त्याच सुमाराला रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) बंद पडायला लागलं. शिवोलीच्या एका व्हिला प्रोजेक्टचं मॉडेल उघडायचं, थोडा वेळ सगळं बरं, मग साइट प्लॅनवर गेलं की स्क्रीन पांढरी आणि ती "अनरिकव्हरेबल एरर"ची खिडकी. टीसीपीला (नगरनियोजन खात्याला) फाईल द्यायची होती, क्लायंटला चवथीच्या आधी सगळं हवं होतं, आणि इकडे अर्ध्या दिवसाचं काम दोनदा करायचं. सर वैतागले आणि ते व्हिजिटिंग कार्ड काढून फोन लावला.

तो आला, एकदम सफाईदार माणूस, बॅगेत ब्लोअर, ब्रश, पेस्ट सगळं. रेव्हिट क्रॅश होताना बघायला थांबला नाही, कुठली फाईल उघडल्यावर होतं हेही विचारलं नाही. कॅबिनेट उघडलं, ग्राफिक्स कार्डावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, कार्ड गेलां. लायट वता येता, कार्ड कशें उरतलें?" पावसात आमच्याकडे लाईट जाते-येते हे कोण नाकारणार, म्हणून ते लगेच पटतं. पण एक गोष्ट बघा, तिन्ही पीसी एकाच आठवड्यात क्रॅश व्हायला लागले होते. तीन वेगवेगळ्या मशीनमधली तीन कार्डं एकाच आठवड्यात जळतात आणि जळूनसुद्धा मेल, एक्सेल, ऑटोकॅड सगळं नीट दाखवतात, असं होत नाही हो. तिन्हीकडे सारखं काय आहे ते शोधायला हवं होतं, आणि सारखं होतं ते मॉडेल. ते पुढे सांगतो.

आमची जुनी कार्डं क्वाड्रो पी१००० होती, असल्याच कामासाठी बनवलेली, ४ जीबीची. त्यांना मागे छोटे मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, त्यामुळे मॉनिटरला अडॅप्टर लावावा लागायचा. याने ती काढली, "स्क्रॅप आहेत, तरी नगाला पाचशे लावतो" म्हणून बॅगेत टाकली, आणि खोक्यातून नवीकोरी दिसणारी जीटीएक्स १०५० टीआय काढून बसवली, नगाला साडेनऊ हजार. वर म्हणतो कसा, आता अडॅप्टरची कटकट नको, डायरेक्ट व्हीजीए केबल लागते. आमचे दोन मॉनिटर जुने, व्हीजीएचेच, त्यामुळे हे सगळ्यांना आवडलं पण. ड्रायव्हर त्याने पेनड्राइव्हवरून टाकला, विंडोज अपडेट बंद करून ठेवलं "मशीन स्लो होतं म्हणून", आणि एक क्लीनर चालवून "जंक" साफ केलं. मग रेव्हिटचं सँपल घर उघडून थ्रीडी गरागरा फिरवून दाखवलं. चाललं की! पैसे यूपीआयने घेतले, नाव भलत्याच माणसाचं आलं, "मिसेसचं अकाउंट" म्हणाला. बिल लेटरपॅडवर हाताने लिहिलेलं, "ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, ३ नग", ना मॉडेल, ना सीरियल नंबर, ना जीएसटी नंबर.

नंतर काय, शिवोलीचं मॉडेल तर क्रॅश होतच राहिलं, पण आता बाकीची मोठी मॉडेलंसुद्धा पडायला लागली जी आधी कधी पडली नव्हती. स्क्रीन क्षणभर काळी, परत येणार, कोपऱ्यात मेसेज की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं. त्याला फोन केला तर आधी "युपीएस बदला", मग "रॅम साफ करतो" म्हणून परत येऊन गेला, आणि शेवटी खरं दुकान उघडलं, म्हणाला तुमचं लायसन्स करप्ट झालंय, माझ्याकडे लाइफटाइम व्हर्जन आहे, सहा हजारात तिन्ही पीसीला टाकून देतो. इथे मात्र सर सावध झाले, कारण दरवर्षी सबस्क्रिप्शनचे पैसे तेच भरतात. रेव्हिट-ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने कायमची लायसन्स विकणं २०१६ मध्येच बंद केलंय. आज कोणी रेव्हिट किंवा ऑटोकॅडच्या चालू व्हर्जनचं लाइफटाइम लायसन्स विकत असेल तर ते क्रॅक तरी आहे किंवा विद्यार्थ्याच्या नावावरचं शैक्षणिक अकाउंट तरी, आणि शैक्षणिकवर धंद्याची कामं करायला परवानगीच नसते. नोटीस आली तर ऑफिसला येते, विकणाऱ्याला नाही.

मग सरांचा भाचा, फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी घरी आला होता त्याला बोलावलं. तो पीसीच्या मागे वायर बघायला वाकला आणि तिथूनच हसला. "मामा, १०५० टीआयला व्हीजीए?" आम्हाला काही कळेना. त्याने सांगितलं ते असं की त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल बाहेर येतच नाही, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तो काढूनच टाकला होता. मागे निळा व्हीजीए पोर्ट म्हणजे आतली चिप दुसरीच कुठलीतरी, जुनी. म्हणजे ज्या पोर्टवर आम्ही खूश झालो होतो तोच पुरावा!

पुढे त्याने जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट प्रोग्रॅम चालवलं. त्यात २०१८ पासून नकली एनव्हिडिया कार्ड ओळखायची सोय आहे, कार्डाच्या नावाच्या आधी कंसात "फेक" असं येतं. आमच्या तिन्हींवर आलं. हीटसिंक काढून बघितलं तर चिपवर जीएफ११६, म्हणजे जीटीएक्स ५५० टीआयवाली, २०११ सालची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोर (चिपमधले काम करणारे छोटे भाग) असतात, हिच्यात १९२. आणि मेमरी १ जीबी. कार्डाच्या बायॉसमध्ये (कार्डातच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) खोटं नाव आणि खोटे ४ जीबी लिहून ठेवलेले असतात, ते वाचून विंडोज बिचारं तेच दाखवतं.

हे नीट समजून घ्या कारण इथेच सगळी मेख आहे. विंडोज, मेल, ब्राउझर, ऑटोकॅडचं टूडी, सँपल घर, हे सगळं १ जीबीत आरामात बसतं, त्यामुळे तो समोर बसून दाखवतो तेव्हा सगळं मस्त चालतं. मोठं मॉडेल, शेडेड व्ह्यू, दोन-तीन खिडक्या उघड्या, की सॉफ्टवेअर कार्डाला म्हणतं तुझ्याकडे ४ आहेत ना, मग हे घे, आणि १ च्या पुढे जागाच नाही. ड्रायव्हर लटकतो, रेव्हिट जातं. शिव्या सॉफ्टवेअरला. कंपनीच्या साइटवरचा ओरिजिनल ड्रायव्हर टाकून बघितला तर स्क्रीन काळीच राहिली. पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर आणि अपडेट बंद, दोन्ही का ते तेव्हा कळलं.

आता मूळ क्रॅशचं. रेव्हिट प्रत्येक वेळी काय काय केलं याची एक टेक्स्ट फाईल लिहीत असतं, तिला जर्नल म्हणतात, युजरच्या ॲपडेटा, लोकल, ऑटोडेस्क, रेव्हिट अशा फोल्डरात जर्नल्स नावाने असते. त्या कार्डवाल्याच्या क्लीनरने दोन पीसीवरची ती उडवली होती. तिसऱ्यावर त्या दिवशी प्लॉट (ड्रॉइंगची मोठी प्रिंट) चालू होता म्हणून साफसफाई राहिली, कार्ड मात्र संध्याकाळी बदललंच. त्या एका पीसीवरच्या जुन्या जर्नलमध्ये प्रत्येक वेळी शेवटी साइट प्लॅनचा व्ह्यू उघडल्याची नोंद. शिवाय विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर असतो, स्टार्टमध्ये तेच नाव टाइप करा, तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात आणि फुलीवर क्लिक केलं की कुठल्या फाईलमुळे पडलं ते येतं. आमच्याकडे पहिली फुली बरोब्बर त्या दिवसाची ज्या दिवशी सर्व्हेअरने दिलेली कंटूरची (जमिनीच्या चढ-उताराच्या रेषांची) कॅड फाईल मॉडेलला लिंक केली. आणि कार्डं बदलल्यानंतरच्या फुल्यांत एनव्ही अक्षरांनी सुरू होणारी ड्रायव्हरची फाईल, जी त्याआधी एकदाही नव्हती. म्हणजे पहिला आजार वेगळा, आणि दुसरा याने विकलेला.

सर्व्हेची फाईल यूटीएम कोऑर्डिनेट्समध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) होती, म्हणजे गोव्यासाठी नॉर्दिंगच, विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, साधारण १७ लाख मीटर. रेव्हिटला आपल्या मूळ बिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आतच काम करायला आवडतं, त्याच्या बाहेर रेषा थरथरतात, हॅच (भरलेल्या रेघांची नक्षी) बिघडतात. त्यात फाईलमध्ये तुटके हॅच आणि कुठेतरी लांब पडलेला कचरा. ऑटोकॅडमध्ये उघडून ऑडिट (चुका दुरुस्त), पर्ज (न वापरलेलं साफ), कचरा डिलीट, सगळं शून्याजवळ आणलं आणि परत लिंक केलं. खरे कोऑर्डिनेट्स रेव्हिटमध्ये शेअर्ड कोऑर्डिनेट्स म्हणून वेगळे ठेवता येतात, ते हरवत नाहीत. भाच्याने आणलेल्या एका साध्या उसन्या कार्डावर शिवोलीचं मॉडेल दिवसभर उघडं राहिलं, एकदाही पडलं नाही. खर्च शून्य रुपये.

रॅमचंही सांगतो. "साफ" करून गेल्यानंतर एका पीसीत ३२ ऐवजी १६ जीबी दिसायला लागली, १६ च्या दोन पट्ट्यांच्या जागी ८ च्या दोन. याचा पुरावा आमच्याकडे नाही म्हणून तक्रारीत घातलं नाही. तुम्ही मात्र कोणालाही कॅबिनेट उघडायला द्यायच्या आधी टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा, आणि आतल्या पट्ट्यांच्या व कार्डाच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम. आणि बिलावर जीएसटी नंबर असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघता येतो, कोणाच्या नावावर आहे ते येतं. बिलावर नंबरच नसेल तर मॉडेल आणि सीरियल तरी लिहून घ्या, नाही लिहीत म्हणाला तर तिथेच थांबवा. त्याने बाहेर काढलेला जुना पार्ट ऑफिसबाहेर जाऊ देऊ नका, स्क्रॅप असला तरी तुमचा आहे.

तक्रारीचं विचारतात म्हणून. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंदवली, त्या कार्डवाल्याने उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. एक अडचण आहे जी आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती, २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू असली तर तुम्ही ग्राहक ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर ठरता. सरांचं ऑफिस एकट्याच्या नावावर आहे म्हणून त्या मुद्द्यावर अर्ज केलाय. मोठी कंपनी असेल तर आधी वकिलाला विचारा.

आता आयोगाकडे गेल्यावर त्या कार्डवाल्याकडून उत्तर आलंय की बिलात १०५० टीआय असं कुठेच लिहिलेलं नाही, गिऱ्हाइकाने सांगितलं तसं कार्ड दिलं. खोक्याचा फोटो त्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवला होता तो आम्ही जोडलाय. आणि मॉडेल नसलं तरी बिलात "४ जीबी" त्याच्याच अक्षरात आहे, तर पणजीच्या एका दुकानाकडून कार्डं उघडून घेतलेल्या लेखी रिपोर्टात १ जीबी.