प्लॉट नंबर ९१, ईस्ट फेसिंग

जुलै २०२३ मधला रविवार होता. आमच्या प्लॉटवर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी होती. वीत-दीड वीत उंच, नुकतंच डवरण झालेलं, ओळी कशा सुतात. आम्ही दोघं जांभळाचं रोप लावायला गेलो होतो. रोप यांच्या हातात, कुदळ माझ्या. चुन्याच्या रेषा पावसानं कधीच धुऊन नेल्या होत्या, पण कोपऱ्यातला नंबरचा दगड जागेवर होता, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी आलो असंही म्हणता येईना.

बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले. "कोन पाह्यजे बाई?"

"काकाजी, हा आमचा प्लॉट आहे."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "असे लय येतेत. वावर माह्यं होय. कंपनीवाल्यानं बयाणा देल्ला अन् मंग तोंड नाई दाखवलं. म्या किती वर्सं पडीत ठेवू?" असं म्हणून त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं आणि प्यायला पाणी दिलं. फसवणूक झाल्यावर सगळ्यात आधी खरं बोललेला माणूस हाच, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

मी सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले ते २०२१ मध्ये, आणि त्या काळात नागपुरात ज्याच्या घरी जावं तिथे प्लॉटच्याच गप्पा. वर्धा रोडवर मिहानचं औद्योगिक क्षेत्र होतंच, एम्स सुरू झालं होतं, खापरीपर्यंत मेट्रो धावत होती आणि ती पुढे बुटीबोरीला जाणार असं सगळे म्हणत होते. शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग निघणार होता. यातलं काहीच खोटं नव्हतं. समृद्धीचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यालाही मंजुरी मिळाली. शहर खरंच वाढत होतं. पण शहर वाढतं म्हणजे आपला प्लॉट वाढतो, हा हिशेब मी माझा मीच केला. मुलगा पुण्याहून सांगत होता, "आई, बँकेत ठेव." हे म्हणत होते की मनीषनगरात छोटा जुना फ्लॅट बघू, भाडं तरी येईल. मला मात्र जमीन हवी होती. हाव होती, दुसरा शब्द नाही.

आणखी एक कारण होतं, आणि ते नागपूरबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. माझं माहेर दक्षिण नागपुरातल्या अनधिकृत ले-आऊटमध्ये. बाबांनी नोटरीच्या कागदावर प्लॉट घेतला, घर बांधलं, वर्षानुवर्षं चिखलातून ये-जा केली. मग अशी अनधिकृत बांधकामं नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा आला, नियमित करायच्या वस्त्यांच्या याद्या निघाल्या, '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे शब्द घरोघर झाले, विकास शुल्क भरलं, नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळालं आणि गटारलाइनही आली. त्यामुळे माझ्या पिढीच्या नागपूरकराच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की कागद थोडे कमी असले तरी चालतात, शेवटी सगळं रेग्युलराइज होतं. आम्हाला विकणाऱ्यांना ही समजूत आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

प्लॉट दाखवणारा मुलगा अनोळखी नव्हता. माझ्याबरोबर वॉर्डात काम केलेल्या बाईंचा जावई. मला मावशी म्हणायचा. "मावशी, तुम्ही टेन्शनच नका घेऊ, एनएटीपी आहे, रेरा आहे, मी स्वतः घेऊन राहिलो तिथं." एनएटीपी म्हणजे जमीन अकृषक आणि ले-आऊटला नगररचनेची मंजुरी, आणि रेरा म्हणजे प्रकल्पाची सरकारी नोंदणी. रविवारी सीताबर्डीहून कंपनीची बस निघायची. बसमध्ये आलूबोंडा, चहा आणि माइकवर भाव सांगणारा एक पोरगा. 'पुढच्या रविवारी शंभर रुपये फूट वाढणार' हे वाक्य मी सलग तीन रविवार ऐकलं, तरी मला त्यात काही खटकलं नाही.

जागेवर गेलं की मन भरून यायचं. मोठी कमान, सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना अशोकाची रोपं, मंदिरासाठी ठेवलेली जागा. पुढच्या भागात पाच-सहा घरंही उभी होती, एका घराच्या गच्चीवर कपडे वाळत होते. ते वाळणारे कपडे पाहून मी निर्धास्त झाले! रस्ता मागे जाऊन संपायचा तिथून पुढे मुरूम टाकलेला, विजेचे खांब उभे, आणि खांबांवर तारा नाहीत. हे मात्र यांनी विचारलं होतं. "लोड मंजूर व्हायचा आहे काकाजी," असं उत्तर मिळालं.

दीड हजार चौरस फूट, ३० बाय ५०. दर ८५० रुपये, ईस्ट फेसिंगचे ३० जास्त. म्हणजे एकूण १३ लाख २० हजार. दसऱ्याला ५१ हजार देऊन बुकिंग केलं, चांदीचं नाणं मिळालं. महिनाभरात आणखी ३ लाख ४९ हजार दिले, त्यातले दीड लाख त्यांनी रोख मागितले. उरलेले महिना २० हजारांच्या हप्त्यांनी, शेचाळीस हप्ते, डिसेंबर २०२१ पासून. करारनामा ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेला. रजिस्ट्रीचं विचारलं तर म्हणाले, "तुकडेबंदीमुळे गुंठ्याच्या रजिस्ट्र्या सरकारनंच थांबवल्या आहेत. बंदी उठली की पहिला नंबर तुमचा."

इथे जरा थांबते, कारण ही थाप फार हुशारीची होती. २०२१ च्या जुलैत जमिनीच्या छोट्या तुकड्यांची नोंदणी रोखणारं नोंदणी खात्याचं परिपत्रक खरंच निघालं होतं, पेपरात बातम्या होत्या, मीही वाचल्या होत्या. पण ती अडचण होती मंजुरी नसलेल्या, शेतातून काढलेल्या तुकड्यांची. मंजूर ले-आऊटमधल्या प्लॉटची रजिस्ट्री त्यानं अडत नव्हती. म्हणजे 'तुमची रजिस्ट्री बंदीत अडकली' असं सांगताना तो मुलगा मला चक्क कबुली देत होता की तुमचा प्लॉट मंजूर नाही. मी मान डोलावून हप्त्याचे चेक लिहीत होते.

कागद पाहिले नाहीत असं नाही. सगळे पाहिले. अकृषक आदेश होता, मंजूर नकाशा होता, महारेराचा नंबर होता, सातबारा होता. आणि यातला एकही कागद बनावट नव्हता. ही गोष्ट वकिलांनी सांगितली तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग अंगावर काटा आला. कागद खरे होते, फक्त ते माझ्या प्लॉटचे नव्हते.

जुलैतल्या त्या रविवारी रात्री मुलानं पुण्याहून फोनवर एकेक गोष्ट उघडायला लावली. महारेराच्या वेबसाइटवर कमानीवरचा नंबर टाकला. प्रकल्प निघाला, नाव तेच, फोटोही तोच. खाली प्लॉटची संख्या ६४. माझा नंबर ९१. दीड वर्ष तो रेरा नंबर मी कमानीवर वाचत होते, माहिती पत्रकावर वाचत होते, आणि तो उघडून पाहायला पाच मिनिटं लागली नसती.

दुसऱ्या दिवशी डिजिटल सहीचा सातबारा काढला. पंधरा रुपये लागतात. खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, इथे मुद्दाम बदलून लिहिते: मंजुरी ४७/१ ला, म्हणजे जिथे घरं उभी आहेत त्या पुढच्या भागाला. मागचा मुरमाचा भाग ४७/२. त्याच्या सातबाऱ्यावर काकाजी आणि त्यांचे तीन भाऊ अशी चार नावं, भोगवटादार वर्ग २. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही, शेतकऱ्यालासुद्धा. वर झोन दाखला काढला तर तो भाग शेती विभागात. कंपनीनं काकाजींशी केलेल्या इसारपत्राची मुदत संपली होती आणि बाकीच्या तीन भावांच्या त्यावर सह्याच नव्हत्या. काकाजीही एका अर्थानं आमच्यातलेच, फक्त त्यांचं वावर त्यांच्याकडे राहिलं.

माझ्या करारनाम्यात खसरा नंबर कसा लिहिला होता तेही पाहा: 'ख. नं. ४७/१ इ.' त्या 'इ.' मध्ये माझी ग्रॅच्युइटी गेली.

वकील म्हणाले, सिस्टर, रेरा कायद्यात स्पष्ट आहे, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझे दहा टक्के म्हणजे १ लाख ३२ हजार. मी तोवर आठ लाख देऊन बसले होते. वरून विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा. माझ्यासारखी बिगरशेतकरी बाई शेतजमीन परवानगीशिवाय घेऊच शकत नाही, म्हणजे उद्या कुणी दयेनं विक्रीपत्र करून द्यायचं म्हटलं तरी अडचण. आणि बाबांच्या वेळचं ते 'रेग्युलराइज होईल'? गुंठेवारीत नियमित व्हायला जमिनीवर ताबा तरी लागतो. माझ्या प्लॉटवर कापूस होता.

मी लगेच हप्ते थांबवायला हवे होते. थांबवले नाहीत. ऑफिसात गेले तर संचालक स्वतः केबिनबाहेर आले, संत्रा बर्फी पुढे केली, "फेज टूची मंजुरी एनएमआरडीएत आहे, दोन महिने द्या" म्हणाले. एनएमआरडीए म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मी दोन महिने दिले आणि दोन हप्तेही दिले. बावीस हप्ते झाले, एकूण ८ लाख ४० हजार. लोक विचारतात, कळल्यावरही का भरले? कारण हप्ता थांबवला असता तर फसलो हे मान्य करावं लागलं असतं, आणि सुनेसमोर ते मान्य करायची माझी तयारी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये फोन आला, 'उरलेले एकरकमी भरा, पन्नास हजार सूट देतो.' तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. पैसे परत मागितले. त्यांनी दोन चेक दिले, एक लाखाचा आणि चार लाखांचा. पहिला वटला. दुसरा परत आला. "सिस्टर, बँकेचा घोळ आहे, पुढच्या महिन्यात टाका," असं सांगून ते मला फिरवत राहिले. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली नाही तर त्या मेमोवर खटला करता येत नाही, हे वकिलांनी वेळेत सांगितलं. चेकचे तीन महिने संपायच्या आत तो पुन्हा टाकला, पुन्हा परत आला, आणि या वेळी नोटीस अठराव्या दिवशी गेली. कलम १३८ ची ती केस सुरू आहे. कंपनीचं ऑफिस मात्र बंद आहे. रोख दिलेल्या दीड लाखाची पावती कंपनीच्या साध्या पुस्तकातली, तिच्यावर 'डेव्हलपमेंट चार्जेस' लिहिलंय, सही वाचता येत नाही.

त्या जावयाबद्दल माझं मत अजून ठरत नाही. प्रत्येक बुकिंगवर तो दोन टक्के घ्यायचा, हे त्यानंच नंतर रडत सांगितलं. पण त्याचे स्वतःचे सहा लाखही तिथेच अडकलेत. त्याच्या सासूशी माझं बोलणं बंद झालं, तीस वर्षांची मैत्री.

तुम्ही प्लॉट पाहत असाल तर कमान पाहू नका, दगडावरचा नंबर पाहा. तो नंबर मंजूर नकाशात शोधा. तो ज्या खसऱ्यात पडतो त्याचा सातबारा स्वतः काढा, एजंटनं दिलेला घेऊ नका. मंजुरीच्या आदेशात तोच खसरा शब्दशः आहे का, पोटहिश्श्यासकट, ते बोट ठेवून वाचा. 'इ.', 'वगैरे', 'फेज टू' दिसलं की पेन खाली ठेवा. वकिलाची सर्च रिपोर्टची फी मला जास्त वाटली होती, आणि त्याच आठवड्यात मी ईस्ट फेसिंगसाठी ४५ हजार जादा मोजले होते.

आर्थिक गुन्हे शाखेत जबाब द्यायला गेले तेव्हा बाकावर माझ्या शेजारी यवतमाळचे एक निवृत्त मास्तर बसले होते. मांडीवर तीच निळी फाइल, कंपनीचं सोनेरी नाव असलेली. वेळ जात नव्हता म्हणून आम्ही एकमेकांच्या पावत्या पाहिल्या. त्यांचा दर माझ्यापेक्षा वीस रुपयांनी कमी होता, त्याचं मला त्या स्थितीतही वाईट वाटलं. मग त्यांनी चष्मा वर केला आणि माझा करारनामा जवळ ओढून पुन्हा वाचला. त्यांचाही प्लॉट नंबर ९१ होता. ईस्ट फेसिंगचे तीस रुपये त्यांनीही भरले होते.