जत्रेचा मोसम लाइन अ‍ॅरेवर काढला: जुन्या टॉपशी तुलना

कुडाळ-मालवण पट्ट्यात दशावताराची नाटकं, डबलबारी (दोन बुवांचे भजनी सामने) आणि लग्नांना साउंड लावतो. गेल्या पावसाळ्यानंतर देशी बनावटीचा छोटा लाइन अ‍ॅरे घेतला. म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या बॉक्सची उभी रांग. एका बाजूला चार बॉक्स, प्रत्येकात दोन आठ इंची स्पीकर आणि मध्ये वेव्हगाइडवर (लाटेला आकार देणाऱ्या वाटेवर) कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे हाय (उंच, तीक्ष्ण आवाज) काढणारा भाग. जुने ड्युअल पंधराचे टॉप, म्हणजे दोन पंधरा इंची स्पीकरचे मुख्य बॉक्स, विकले नाहीत. त्रिपुरी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत दोन्ही आलटून पालटून लावले.

विकणारे सगळे एकच सांगतात: साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल पडतो, लाइन अ‍ॅरेचा फक्त ३. खोटं नाही, पण अर्धंच आहे. तो फायदा किती लांब टिकणार हे रांगेची उंची आणि फ्रिक्वेन्सी ठरवते. माझी रांग जेमतेम १.२ मीटर. १ किलोहर्ट्झला तिचा फायदा दोनेक मीटरवरच संपतो, ८ किलोहर्ट्झला सोळा-सतरा मीटरपर्यंत जातो. पुढे तीही ६ नेच पडते. मृदंगाच्या घुमाऱ्याचं तर बोलूच नका. १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास, तिला एवढीशी रांग काय आवरणार! बेससाठी सब (खर्जाचे वेगळे बॉक्स) जुनेच, आणि तेवढेच लागतात.

मग फरक कशाने पडला? उंचीने आणि बॉक्समधल्या कोनांनी. देवळासमोरचं पटांगण धरा, पहिली रांग ४ मीटरवर, शेवटची ३२ वर. टॉप कानाच्या पातळीला असेल तर पुढच्या-मागच्यात १८ डेसिबलचा फरक. पुढची पोरं कानावर हात ठेवतात आणि खाजाच्या दुकानाजवळ उभ्या माणसाला संवाद कळत नाही. तोच स्पीकर कानापासून पाच मीटर वर नेला की फरक १४ वर येतो, कारण पुढची रांगच लांब जाते. म्हणजे काही काम तर जुना टॉप उंच चढवूनही होतं, आणि हे तुम्हाला कोणी विक्रेता सांगणार नाही. उरलेलं काम अ‍ॅरे करतो: वरचे बॉक्स सरळ मागे, खालचा वाकवून पुढच्या रांगेवर, तोही थोडा दाबून. दशावतारात संवाद तिथल्या तिथे सुचलेले असतात, एक शब्द हुकला की टोमणा गेला. मागच्या लोकांना तो आता कळतो. डबलबारीत बुवांचे शब्द झांजेखाली दबत होते, तेही सुटे ऐकू येतात.

पुढे बसणाऱ्यांची मात्र तक्रार ठरलेली: "अरे, आवाज खंय असा?" छातीवर आदळणाऱ्या आवाजाची सवय झाली आहे लोकांना. आयोजकांना मी शेवटच्या रांगेत नेऊन उभं करतो, वाद तिथेच मिटतो.

खरेदी करणाऱ्यांनी हाय नीट तपासावा. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या ख्रिश्चन हाइल यांनी व्ही-डॉस्क नावाची अशी रांग आणली, त्यातली खरी करामत वेव्हगाइडची होती. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नाही; एवढ्या जवळ ड्रायव्हर बसवणं अशक्य, म्हणून प्रत्येक बॉक्समधून निघणारी लाट आधी सपाट करावी लागते. स्वस्त मालात नेमकी इथेच काटकसर होते. दुकानात एकच बॉक्स ऐकून भुलू नका. चारही लावायला सांगा, दहा मीटरवर उभे राहा, मग खाली बसा. झांजेचा पोत बदलला तर माल परत ठेवा.

देवळाच्या सभामंडपात मात्र अ‍ॅरे आता नेतच नाही. छप्पर खाली, माणसं दोन-तीन मीटरवर. तिथे चार बॉक्सचा आवाज एकत्र यायला जागाच मिळत नाही. जुन्या टॉपचा एकेक नग स्टँडवर ठेवला की भजन गोड लागतं. तेच टॉप बाहेर दोन-दोन शेजारी मांडले की चालता चालता हाय येतो-जातो. या दोन्हींची ताकद वेगळी आहे, किंमत बघून निवडायची गोष्ट नव्हे. आणि चार बॉक्स स्टेजवरच रचून ठेवणार असाल तर पैसे घालवू नका.

टांगण्याबद्दल एकच: मांडवाच्या पोफळीच्या खांबांवर हे वजन कधीही नाही, आयोजक कितीही गळ घालोत. लोखंडी ट्रस किंवा वर चढणारा स्टँड, पाय ताणून बांधलेले, आणि समुद्राकडून वारं वाढलं की खाली. वाऱ्यात दूरचा हाय लहरतो, ते दोन्ही प्रकारांत सारखंच. दमट हवेने हाय मरतो असं आपल्याकडे म्हणतात, पण उलट आहे, कोरडी हवा तो जास्त खाते.

ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ऑर्डर घेताना मी वेळ आणि परवानगी आधी विचारतो.

खाऱ्या हवेने बॉक्सच्या पिना आणि बिजागऱ्यांना पहिल्याच मोसमात गंज धरला. लाकूड, कोन ठीक आहेत. पावसाळ्यासाठी पिना काढून, घासून, ग्रीस लावून डब्यात ठेवल्या. नव्या स्टेनलेस स्टीलच्या मागवतोय.