डोळ्यांचा डॉक्टर शोधताय? सोलापुरात कुठलं कार्ड कशाला चालतं

सोलापुरात डोळ्यांचे दवाखाने कमी नाहीत. प्रश्न पैशांचा असतो. म्हणून दवाखाना निवडण्याआधी स्वतःला विचारा: नुसती तपासणी करायची आहे, औषधं कायमची लागणार आहेत, की ऑपरेशन करायचंय? कार्ड कामाला येणार की नाही, ते यावर ठरतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आपल्या राज्यात एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. मात्र हे कवच दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं. चष्म्याचा नंबर काढायला किंवा काचबिंदूचे थेंब महिन्याच्या महिन्याला आणायला ते उपयोगी पडत नाही.

फोन करून ‘कार्ड चालतं का?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ ऐकायला मिळतं आणि माणूस फसतो. रुग्णालय योजनेत असलं तरी नेत्रविभाग त्यात असेलच असं नाही. ‘माझ्या आईच्या मोतीबिंदूला तुमच्याकडे मंजुरी मिळते का, लेन्स कुठली बसवणार, वरचे पैसे किती?’ असं थेट विचारा. योजनेच्या पॅकेजमध्ये उपचार होत असतील तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितलेच तर तिथल्या आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) जा, नाहीतर १५५३८८ वर तक्रार करा.

कागदांचं आधीच बघून ठेवा. आपल्याकडे तेलुगू, कन्नड आडनावं आधारवर एका तऱ्हेने आणि रेशन कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली असतात. ऑपरेशनच्या दिवशी काउंटरवर हे लक्षात येण्यापेक्षा आधी दुरुस्त करून घेतलेलं बरं.

कारखान्यात कामाला असाल आणि पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जात असेल (मर्यादा महिना २१,००० रुपये पगाराची), तर माझ्या मते तुमची सोय सगळ्यात चांगली. इथे बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात, घरच्यांनाही मिळतात. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे बिघडलेला डोळ्याचा पडदा असलेल्यांनी हा हक्क सोडू नये. फक्त रीत पाळावी लागते: आधी आपला विमा दवाखाना, मग तिथल्या चिठ्ठीवर होटगी रोडचं विमा रुग्णालय. परस्पर खासगीत जाऊन बिल परत मागायला गेलात तर अडचण येते.

घरी विड्या वळणाऱ्या बायकांना मात्र पान कापताना दिसेनासं झालं तरी ईएसआयचा आधार सहसा नसतो. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्याकडे कुठलंच कार्ड नाही त्यांच्यासाठी मी सिव्हिल, म्हणजे सरकारी रुग्णालयच सुचवेन. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्यामुळे तिथे नेत्रतज्ज्ञ असतात आणि केसपेपरला खर्च नाममात्र. गर्दी असते, सकाळी लवकर रांगेत लागावं लागतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास धूसर दिसतं आणि बाहेरचं ऊन सहन होत नाही. तेव्हा गाडी स्वतः चालवू नका, सोबत कोणाला तरी न्या.

नुसता चष्म्याचा नंबरच काढायचा असेल आणि फी परवडत असेल, तर घराजवळचा खासगी नेत्रतज्ज्ञ पुरेसा आहे. पण मधुमेह असेल तर नंबरावर थांबू नका, पडदा तपासून घ्या.