हीटेड होज: सगळा गरम, टोकं सोडून

हिवाळ्यात साइटवरच्या नळाचं पाणी आमच्या ट्रेलरमध्ये (चाकांवरच्या घरात) आणायला हा विजेवर तापणारा पाइप घेतला. तो चांगला आहे हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला काही पटतच नाही. उणे 10 अंशांच्या आसपासच्या रात्रीनंतरही मधला सगळा भाग सकाळी हाताला कोमट लागतो. वीजही बेताची खातो, कारण थर्मोस्टॅट थंडी वाढली की मगच चालू होतो. पण दोन्ही टोकांना, पितळी कपलिंगच्या (नळाला जोडायच्या तोंडाच्या) अलीकडे, चार बोटं भागात तापणारी तारच नाही. आणि आमचं पाणी बंद पडलं ते बरोब्बर तिथेच. खोक्यावर उणे किती अंशांपर्यंत चालतो ते मोठ्या अक्षरात छापलंय, त्या आकड्याच्या जवळपासही आम्ही गेलो नव्हतो.

कपलिंगमध्ये बोटभर बर्फाचं बूच बसलं की मागचा अख्खा गरम पाइप काय चाटायचाय? शिवाय गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. बूच आणि बंद नळ यांच्या मध्ये सापडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि तो सगळ्यात लेचापेचा जोड फोडतो. ट्रेलरमधल्या पेक्सच्या (लवचिक प्लास्टिकच्या) नळ्या थोड्या ताणल्या जातात, म्हणून बऱ्याचदा वाचतात. जातात ते प्लास्टिकचे एल्बो (वळणाचे जोड), पंपाचं डोकं आणि नळाच्या आतले भाग.

कस्टमर केअरला कळवलं. उत्तर आलं, ‘गोठलेल्या अवस्थेतला फोटो पाठवा.’ म्हणजे बर्फ वितळवायचा नाही, बिनपाण्याचं बसायचं आणि ह्यांच्या ई-मेलची वाट बघायची! पुढच्या वेळी तोही काढून पाठवला. मग म्हणाले, जोड झाकायची जबाबदारी वापरणाऱ्याची. मॅन्युअलमध्ये तसं आहे खरं, बारीक अक्षरात. एवढा महागाचा पाइप विकता, खोक्यात फोमचे दोन तुकडे टाकायला काय जातं तुमचं?

वर हेच मॅन्युअल नळाशी प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब आटोक्यात ठेवणारा जोड) लावायला सांगतं. तो लावला की न तापणारा भाग आणखी लांबतो. बाहेर फिल्टर असेल तर विचारूच नका, त्याचा प्लास्टिकचा कप तडकायला एक रात्र पुरते. मी फिल्टर काढला, रेग्युलेटरवर आणि दोन्ही टोकांवर सेल्फ-रेग्युलेटिंग हीट केबल (थंडीप्रमाणे आपोआप कमी-जास्त तापणारी तार) गुंडाळली, वर फोमची नळी चढवून टेप मारली. (केबल कायम एकाच वॅटवर तापणारी साधी असेल तर तिचे वेढे एकमेकांवर येऊ देऊ नका, त्या जागी ती जळते.) त्यानंतर टोकं एकदाही गोठली नाहीत. थोडक्यात, कंपनीचं उरलेलं काम मी माझ्या पैशाने पूर्ण केलं.

इथवरचं थंडीच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं आणि दोनच तारे देणार होतो. पुढे एका सकाळी पाइपमधून पाणी मजेत वाहतंय आणि सिंकच्या नळाला टिपूस नाही! या वेळी बिचाऱ्या पाइपचा काही संबंध नव्हता. रात्री गॅस वाचवायला आम्ही विजेचा छोटा हीटर लावतो. खोली उबदार राहते, भिंतीवरचा थर्मोस्टॅट खूश, मग फर्नेस (ट्रेलर तापवणारी गॅसची भट्टी) कशाला चालू होतोय? पण ट्रेलरच्या पोटातल्या नळ्या-टाक्यांना ऊब मिळते ती फर्नेसच्या गरम हवेच्या डक्टमधूनच. काटकसरीचा हा हिशोब ट्रेलर बनवणाऱ्यांनी धरलेलाच नसतो. आता कडाक्याच्या रात्री फर्नेस चालू, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी आणि खाली चारी बाजूंनी स्कर्टिंग, म्हणजे वारा अडवणारा आडोसा. वाऱ्यामुळे पाणी हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, पण होती ती ऊब तो झपाट्याने पळवतो. बाहेरचा शॉवर मात्र सरळ रिकामा करून बंद ठेवलाय. पातळ झाकणाच्या मागे पाणी भरलेल्या नळ्या, ती जागा कुणी काढली देव जाणे.

नळ बारीक सोडून ठेवा, हा सल्ला सगळे देतात. घरात ठीक आहे. ट्रेलरमध्ये ते पाणी सांडपाण्याच्या टाकीत जातं, आणि टाकीचा वॉल्व्ह उघडा ठेवलात तर ती बारीक धार सीवर होजमध्ये (सांडपाणी बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये) थरावर थर गोठत बसते. वॉल्व्ह बंद ठेवायचा आणि टाकी भरत आली की एकदम सोडायची. हँडल अडकलं तर ओढाताण नको, हेअर ड्रायरने ऊब द्या. ज्योत जवळ नेऊ नका.

जोराची थंडी येणार असं दिसलं की हल्ली मी दिवसा आतली टाकी भरून घेतो, होज काढून पाणी निथळवून आत ठेवतो आणि पंपावर चालवतो. टाकीला हीटिंग पॅड आहे, पण बॅटरीवर तो लावला तर सकाळपर्यंत बॅटरीचा जीव जातो, म्हणून साइटची वीज हवीच. बायको विचारते, मग हा पाइप घेतलाच कशाला? प्रश्न रास्त आहे.

तर तीन तारे. महिनोन्महिने एकाच साइटवर राहणाऱ्यांनी जरूर घ्या, आणि फोम व हीट केबल त्याच ऑर्डरमध्ये टाका. शनिवार-रविवारपुरतं जाणाऱ्यांचं काम भरलेली टाकी आणि पंप यांवर भागतं. सीझन संपल्यावर वॉटर हीटर बायपास करून (त्याला वगळून) नळ्यांत भरायचं ते गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (ट्रेलरच्या नळ्या गोठण्यापासून वाचवणारं द्रव), गाडीच्या रेडिएटरमधलं नव्हे. ते विषारी असतं.