नॅटोकायनेज ५-६ महिने खाल्ल्यावर: आधी मागचं लेबल वाचा

नॅटोकायनेज या सप्लिमेंटच्या बाटलीवर समोर ठळक 2000 एफयू (एन्झाइमची ताकद मोजायचं एकक), आणि मागे करड्या रंगात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रति सर्व्हिंग, 2 कॅप्सूल'. म्हणजे एकीत हजारच! साठ कॅप्सूल दोन महिने पुरतील म्हणून बाराशे मोजले आणि महिन्यात बाटली रिकामी. कस्टमर केअरवाली म्हणते, सर लेबलवर लिहिलंय ना. अहो लिहिलंय, पण वाचायला भिंग कोण देणार? बरं, वर उपाशीपोटीच घ्यायची, म्हणजे सकाळचा चहा लांबला, तेही सहन केलं.

नाशिकच्या रविवार कारंजावर दुकान आहे, दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजायचे, मोजा काढला की खोल वळ. पहिल्या बाटलीत वळ कमी झाला तेव्हा मी दोन-चार जणांना मोठ्या कौतुकाने सांगितलं सुद्धा, जपानी लोकांच्या आंबवलेल्या सोयाबीनमधलं एन्झाइम आहे, रक्ताच्या गुठळीतलं फायब्रिन, म्हणजे गुठळी धरून ठेवणारं प्रथिन, तोडतं वगैरे. टेस्ट ट्यूबमध्ये तोडतं हे खरंच आहे.

मग दाढ काढायची वेळ आली. डेंटिस्टने विचारलं सप्लिमेंट काय चालूय, आणि ऐकून आधी हे बंद करा म्हणाले, रक्त थांबायला त्रास होऊ शकतो. बंद केलं. सूज काही परत आली नाही. मधल्या काळात दुकानात स्टूल आणला होता, साडेतीनशेचा, बहुतेक श्रेय त्याचंच. नंतर वाचलं तर लॉस एंजेलिसच्या अभ्यासात 265 लोकांवर 3 वर्षं बघितलं, रोज 2000 एफयू, ना बीपीत फरक ना मानेच्या धमन्यांच्या जाडीत.

गंमत म्हणजे दाढ काढल्यावर सुजेसाठी दिलेल्या गोळीत सेराटिओपेप्टिडेज, म्हणजे एक एन्झाइम बंद आणि दुसरं चालू. ते तर जपानच्या टाकेडा कंपनीने 2011 मध्येच तिकडे बंद केलं, प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, जास्त उपयोग दिसला नाही म्हणून. आपल्याकडे अजून धडाधड लिहून देतात.

आता अर्धी बाटली पडून आहे. मेव्हणा म्हणतो मला दे, पण त्याची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेल गोळी चालूय, त्याला कोण देणार हे! आणि सील फोडलंय म्हणून रिटर्न पण घेत नाहीत.