खानदेशाला पहिली चौकट देणारे दिनविशेष कॅलेंडर

शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा आणि सुविचार झाले की दिनविशेष सांगायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो आदल्या रात्री मोबाईलवर आलेल्या एखाद्या यादीतून फळ्यावर उतरवला जातो, आणि त्या यादीत दूरदूरच्या राजधान्या व तिथल्या मोठ्या माणसांची नावे असली तरी अमळनेर, फैजपूर किंवा नंदुरबार ही नावे सहसा सापडत नाहीत. म्हणूनच जळगावच्या एका पुस्तकाच्या दुकानात मिळालेले हे टेबल कॅलेंडर मी वर्षभर शाळेत वापरले. त्याच्या गुणदोषांविषयी माझ्यासारख्या इतर शिक्षकांसाठी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

कॅलेंडर स्पायरलमध्ये बांधलेले असून त्यात ३६६ पाने आहेत. पानांवर वार छापलेले नाहीत, त्यामुळे ते कोणत्याही वर्षी वापरता येते. २९ फेब्रुवारीलाही स्वतंत्र पान आहे आणि त्यावर मोरारजी देसाई यांच्या १८९६ मधील जन्माची नोंद आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘आपला परिसर’ अशी चौकट असते, तिच्याखाली देशातील आणि शेवटी जगातील घटना येतात. ज्या तारखेला खानदेशातील खात्रीची घटना मिळाली नाही, तिथे संपादकांनी ही चौकट भरतीच्या मजकुराने न भरता मोकळी सोडली आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. गावातील शाळेची स्थापना किंवा धरणाचे पहिले पाणी अशा नोंदी मुलांनी विचारपूस करून त्या जागेत लिहाव्यात, एवढी जागा तिथे आहे.

या रचनेचे खरे मोल २८ डिसेंबरच्या पानावर कळते. देशाच्या भागात १८८५ ची नोंद आहे. त्या दिवशी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत काँग्रेसचे पहिले अधिवेशन सुरू झाले. ते खरे तर पुण्यात व्हायचे होते, पण तिथे पटकीची साथ असल्याने ऐनवेळी मुंबईला हलवावे लागले. जगाच्या भागात १८९५ ची नोंद आहे, ती पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून केलेल्या चलच्चित्रांच्या पहिल्या जाहीर खेळाची. आणि सर्वांत वर, आपल्या चौकटीत, दोन ओळी आहेत : १९२६ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार मेहता यांचा जन्म, आणि १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली २७ व २८ डिसेंबरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन होते आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. हे पान फळ्यावर उतरवल्यावर चौथीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘सर, हाई आपलंच फैजपूर शे का?’’ हा प्रश्न मोबाईलवरच्या यादीने माझ्या वर्गात कधीच निर्माण केला नव्हता.

त्या दोन ओळींमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि संपादकांनी ती उलगडून सांगायला हवी होती. फैजपूरच्या अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी नंदुरबारचा शिरीष दहा वर्षांचा झाला. त्यानंतर सहा वर्षे होण्याच्या आतच, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, छोडो भारत आंदोलनाच्या मिरवणुकीत हातात तिरंगा असताना पोलिसांच्या गोळीबारात तो आणि त्याचे सोबती हुतात्मा झाले. २८ डिसेंबर आणि ९ सप्टेंबर ही दोन्ही पाने कॅलेंडरमध्ये आहेत, पण एकमेकांकडे बोट दाखवणारी खूण मात्र कुठेच नाही. ‘पाहा : ९ सप्टेंबर’ एवढे दोन शब्द छापले असते तरी विद्यार्थ्यांनी स्वतः पाने उलटून ती वर्षे जोडली असती. पुढच्या आवृत्तीत अशा खुणा याव्यात, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

३ डिसेंबरच्या पानावर तर अक्षरशः दाटी झाली आहे. बहिणाबाई चौधरी यांचे निधन (१९५१), डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा जन्म (१८८४), खुदीराम बोस यांचा जन्म (१८८९), मेजर ध्यानचंद यांचे निधन (१९७९), केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेले पहिले मानवी हृदयरोपण (१९६७), पाकिस्तानच्या हवाई हल्ल्याने सुरू झालेले युद्ध (१९७१) आणि भोपाळची वायुदुर्घटना (१९८४) या सर्व नोंदी एकाच पानावर येतात. आसोद्याच्या बहिणाबाईंना सर्वांत वरची जागा मिळाली, याचा खानदेशी माणूस म्हणून मला मनापासून आनंद आहे. परंतु भोपाळची दुर्घटना २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री घडली, हे तिथे लिहिलेले नाही, आणि इतक्या भीषण घटनेला जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे. अशा पानावर जन्म-मृत्यूच्या दोन-तीन नोंदी कमी करून भोपाळविषयी चार वाक्ये द्यायला हवी होती.

बालकवींची दोन्ही पाने नीट जमली आहेत. १३ ऑगस्टला धरणगावात त्यांचा १८९० मधील जन्म आणि त्याच तारखेला आचार्य अत्रे यांचा १८९८ मधील जन्म, हे दोन्ही एकाखाली एक दिले आहेत. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, ती नोंदही पहिल्या चौकटीत आहे.

आता मोठ्या दोषाकडे वळतो. एका तारखेच्या खाली दोन घटना ठेवताना त्या दोन्ही तारखा एकाच कालगणनेतल्या आहेत का, हे पाहणे संपादकाचे पहिले काम आहे, आणि तिथे हे कॅलेंडर कमी पडते. ६ जूनच्या पानावर शिवराज्याभिषेक (१६७४) आणि दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीचे लष्करी अवतरण (१९४४) शेजारी शेजारी आहेत. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही मूळ तिथी आजच्या ग्रेगोरियन गणनेने १६ जूनला येते. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्याच गणनेची असून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हा तो दिवस नव्या गणनेने १ मार्च ठरतो. उत्सव कोणत्या दिवशी करावा हा प्रश्न इथे नाही, प्रचलित तारखांना सर्वांनी मान दिलाच पाहिजे. परंतु मुलांना तिथी, जुनी तारीख आणि नवी तारीख या तिन्ही दाखवल्या तर काळ मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या, हे त्यांना आपल्याच इतिहासातून समजेल. टॉलस्टॉय यांच्या जन्माच्या नोंदीत २८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर अशा दोन्ही तारखा संपादकांनी दिल्या आहेत. म्हणजे त्यांना हा भेद माहीत आहे, आणि म्हणूनच शिवकाळाच्या बाबतीतली ही ढिलाई मला अधिक खटकते.

२३ एप्रिलच्या पानावर तर शेक्सपिअर आणि सर्व्हान्टीस १६१६ मध्ये ‘एकाच दिवशी’ वारल्याचे ठामपणे छापले आहे. इंग्लंड तेव्हा जुनी आणि स्पेन नवी गणना पाळत होते, त्यामुळे तारीख सारखी दिसली तरी दोघांच्या मृत्यूंमध्ये दहा दिवसांहून कमी अंतर असू शकत नाही. ३१ डिसेंबरच्या पानावर १९२६ मध्ये धुळ्यात निधन पावलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांची नोंद आदराने घेतली आहे. अस्सल कागद मिळवण्यासाठी आयुष्यभर पायपीट केलेल्या त्या संशोधकाच्या खानदेशातून निघालेल्या कॅलेंडरने तारखांची एवढी छाननी करायलाच हवी.

छपाई ठळक आहे आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला टेबलावरचे पान वाचता येते. कागद मात्र पातळ असल्याने शाईचे पेन मागच्या पानावर उमटते, म्हणून मोकळ्या चौकटी बॉलपेनाने किंवा पेन्सिलीने भराव्यात. शाळेच्या वाचनालयासाठी हे कॅलेंडर अवश्य घ्यावे, कारण खानदेशातील नोंदी इतक्या सोयीने एका जागी मला अन्यत्र मिळालेल्या नाहीत. घेतल्यावर १९ फेब्रुवारी, २३ एप्रिल आणि ६ जून या पानांवर कालगणनेची टीप लिहावी, ३ डिसेंबरला भोपाळच्या रात्रीचा उल्लेख जोडावा आणि २८ डिसेंबरच्या पानावरून ९ सप्टेंबरकडे नेणारा बाण काढून ठेवावा.