५४,०५० रुपये गेले आणि वर माझंच खातं बंद

आकडा आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन 'टास्क'च्या फसवणुकीत गेले ५९,४००. मधे मधे परत आले ५,३५०. निव्वळ बुडाले ५४,०५०. जानेवारीतले चार दिवस, बस्स.

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापुरात सायबर चौकाजवळ दोघांबरोबर रूम करून राहतो आणि सकाळी मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहितो. मेसचा, गॅसचा, लाइट बिलाचा रूमचा सगळा हिशोब माझ्याकडे. घरून ६,००० येतात, अडतीवर ४,५०० मिळतात, त्यातून दर महिन्याला काहीतरी बाजूला पडतंच. चौदा महिन्यांत १८,४०० साठवले होते आणि त्याची एफडी केली होती. 'अडीअडचणीचा फंड' असं नावसुद्धा दिलं होतं तिला. वर्गातली पोरं पैशाचं काही विचारायचं झालं की माझ्याकडे यायची. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. कसल्या माणसाला गंडवलंय ते कळावं म्हणून सांगतोय, कारण 'असल्याला येडी माणसंच फसतात' असं मीही म्हणायचो.

लोभाचं म्हणाल तर मला लाख-दोन लाख नको होते. उसाच्या बिलातले ४२,००० वडिलांनी लॅपटॉपसाठी पाठवले होते आणि लॅपटॉप होता ५०,००० चा. कमी पडत होते ८,०००. फंडातून काढले असते तर विषय तिथंच संपला असता! पण प्रत्येक रीलमध्ये कोण ना कोण सांगत असतं की आपत्कालीन फंडाला हात लावू नका, वरची कमाई शोधा. लॅपटॉप म्हणजे काय आपत्काल नव्हे. म्हणून फंड वाचवायला मी वरची कमाई शोधली, आणि त्यात फंडही गेला, लॅपटॉपचे पैसेही गेले.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज, गूगल मॅपवर हॉटेलांना पाच तारे द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, एकाचे ५० रुपये. तीन केले, १५० आले. मग दुसऱ्या ॲपवरचा ग्रुप, त्यात मॅडम, रोज कुणीतरी पैसे आल्याचे फोटो टाकणारं. मग 'प्रीपेड टास्क'. पहिल्या दिवशी १,००० भरले, १,३०० आले. दुसऱ्या दिवशी ३,००० भरले, ३,९०० आले. मॅडमचं मराठी तर असलं: 'प्रिय, कृपया आपले कार्य वेळेत पूर्ण करा.' आपल्याकडं 'प्रिय' कोण म्हणतं? लग्नपत्रिकेत तरी म्हणतात का? तेही मी वाचलं, हसलो आणि पुढं गेलो.

पण खरं कळायला हवं होतं ते त्या १,३०० च्या वेळी. तो क्षण मला रोज आठवतो.

अडतीवर सौदे उरकले होते. रव्यांवर, म्हणजे गुळाच्या ढेपांवर, पांढरा कागद घालून हमाल चहाला गेले होते आणि मी एका शेतकऱ्याची पट्टी लिहीत होतो. इतके रवे, इतकं वजन, हा दर, हमाली वजा, तोलाई वजा, राहिली रक्कम. फोन वाजला. १,३०० जमा. पाठवणाऱ्याच्या जागी एका बाईचं नाव, तेही आपल्या भागातलं नव्हे. मी नुसतं 'आले' असं म्हणालो असेन, कारण मालकांनी गल्ल्यावरून विचारलं, "कुणाचं आलं रं?"

"कंपनीचं."

"कंपनीला नाव न्हाई व्हय?"

मी हसलो. त्यांच्या अकाउंटंटच्या खात्यावरून आले असतील, असं काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशीचे ३,९०० तर कुठल्याशा किराणा दुकानाच्या नावावरून आले. दोन दिवस, दोन माणसं, दोन्ही अनोळखी, आणि कंपनी एकच! अडतीवर पहिल्याच आठवड्यात मालकांनी मला शिकवलं होतं की रक्कम किती ते मागाहून लिहायचं, आधी नाव लिहायचं, कुणाकडनं आली त्याचं. नाव नसलेला रुपया वहीत चढत नाही. दीड वर्ष मी दुसऱ्यांच्या पैशाला ते करत होतो. स्वतःच्या खात्यात परक्या बाईचे पैसे आले तेव्हा पेन हातात होतं आणि विचारलं नाही, की बाई, तुम्ही मला कशाबद्दल देताय?

तिचं नाव मला नंतर पुन्हा बघावं लागलं. सांगतो पुढं.

चौथ्या दिवशी 'कॉम्बो' आला. तीन ऑर्डरी, तिन्ही पूर्ण केल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. हे आधी सांगत नाहीत, पहिली भरल्यावर सांगतात. ५,०००. मग १२,८००. मग २८,०००. खात्यात २५,५५० उरले होते, म्हणून एफडी मोडली. ॲपमध्ये दोन टॅप. 'आपण नक्की मुदतीपूर्वी बंद करू इच्छिता?' असं ॲपनं विचारलं. त्या दिवशी मला कुणीतरी विचारलं ते एवढंच. त्यांच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढं ५९,५४० दिसायला लागले. काढायला गेलो तर म्हणे तुमच्या चुकीच्या क्लिकनं क्रेडिट स्कोअर ८० वर आलाय, १०० करायला ९,६०० भरा. भरले. हो, भरले. एव्हाना माणूस कमवायला भरत नसतो, गेलेलं सोडवायला भरत असतो. हे ज्याच्यावर आलेलं नाही त्यानं मला शहाणपण शिकवू नये.

मग म्हणाले, पैसे काढण्याआधी ११,००० टॅक्स भरा.

तिथं जाग आली. टीडीएस देणारा कापून देतो, घेणाऱ्याकडून आधी भरून घेत नाही. हे मी बी.कॉम.ला शिकलोय, त्या पेपरला ७८ मार्क आहेत. मॅडमला तसं लिहिलं, आणि दोन मिनिटांत ग्रुपही नाही आणि मॅडमही नाही.

त्या रात्री मी कुणाला बोललो नाही. रंकाळ्यावर जाऊन बसलो, दहाला परत आलो, रूमवर सांगितलं डोकं दुखतंय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला दुसऱ्या दिवशी दुपारी, जवळजवळ एकोणीस तासांनी. सगळ्यात महागात पडली ती ही लाज. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच ठिकाणी काही मिनिटांत जातात. तासाभरात कळवलं तर मधेच कुठंतरी अडवता येतात. कळलं की त्याच जागी उभं राहून १९३० लावा. मित्राला विचारतो, वडिलांना सांगू का, हे सगळं मागाहून.

फोन लागायला पाऊण तास गेला. पलीकडच्यानं पत्ता विचारला. म्हटलं, सायबर चौक. तो म्हणाला, "सर, सायबरचीच तक्रार घेतोय, पत्ता सांगा." म्हटलं, पत्ताच सायबर चौक आहे. "अहो, तक्रारीचा प्रकार नाही विचारला." असं तीनदा. शेवटी राजारामपुरी सांगून टाकलं. तक्रारीचा नंबर एसएमएसनं आला. ५९,४०० पैकी अडकवता आले २,१००.

मग ठाणं. नाव लिहीत नाही, कुठलंही असतं तरी हेच झालं असतं असं आता वाटतं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी 'ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग इथं कशाला?' तिसऱ्या दिवशी प्रिंट काढून आणा, बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँकेत शिक्का मारणारे रजेवर. चौथ्या वेळी हवालदारांनी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "शिकतोस काय?" एम.कॉम. म्हटल्यावर शेजारच्या टेबलाकडं बघून म्हणाले, "एम.कॉम. हाय म्हणं!" दोघं हसले. एफआयआर नाही, अर्ज घेतला. पोच मागितली तर म्हणाले, विश्वास नाही काय आमच्यावर?

बँकेत रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेलो होतो. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात आहे. बँकेतल्या मॅडमनी शांतपणे पुढचं वाचायला लावलं: ते आपल्या नकळत पैसे गेले तर. "पिन तुम्हीच टाकलाय ना?" टाकलाय. सहा वेळा टाकलाय. यात त्यांचं चुकलं नाही हे मान्य करतो, पण मान वर करून बोलायला काय जात होतं?

आणि एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. एकोणिसाव्या दिवशी मेसवाल्या काकूंना पैसे पाठवायला गेलो तर व्यवहार होईना. बँकेत कळलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी माझं खातं गोठवलंय. माझं! कारण? ते ३,९००. ज्या किराणा दुकानावरून आले त्या खात्यात आणखी कुणा फसलेल्या बाईचे पैसे आले होते, त्यातलेच मला पाठवलेले. त्यांच्या कागदावर चोरीचा माल माझ्या घरात. म्हणजे टास्कवाले आपल्याला जो 'नफा' देतात तो आपल्याआधी बुडालेल्या माणसाचा असतो, आणि माझे २८,००० आता कुठल्या तरी पोराला नफा म्हणून गेले असतील. १,३०० वाल्या बाईचं नावही तेव्हाच पुन्हा तपासलं, तिकडूनही काही येतंय का म्हणून. अजून नाही.

वादातले ३,९००, पण बंद सगळं खातं. त्या दिवशी ७,२१२ होते. पुढच्या आठवड्यात मालकांनी सवयीनं ४,५०० त्यातच टाकले. पैसे आत येतात, बाहेर जात नाहीत, उंदराच्या पिंजऱ्यासारखं. अडकले ११,७१२. आधार याच खात्याला जोडलेलं, म्हणजे शिष्यवृत्ती आली तर तीही पिंजऱ्यात. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. इथले पोलीस म्हणतात आमची केस नाही, तिकडं जा. तिकडचा फोन उचलत नाहीत. दिलेल्या ईमेलवर पाठवलं तर पेटी भरलीय म्हणून परत. कुणाची पेटी भरते सरकारी कामात, आणि भरली तर रिकामी करायला काय दिल्लीहून माणूस यावा लागतो?

वरच्या मजल्यावरचा लॉ कॉलेजचा पोरगा म्हणाला, २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलंय की वादातली रक्कम तेवढीच अडवा, सगळं खातं नको. बँकेत सांगितलं. "ते केरळ झालं." बरं, आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापुरातच आहे, चालत जाता येईल. पण ११,७१२ सोडवायला वकिलाला किती द्यायचे, हा हिशोब करून बघितला आणि वही मिटली.

तुमचं खातं असं बंद झालं तर तोंडी ऐकून परत येऊ नका. कुठल्या ठाण्यानं, कुठल्या तक्रारीवर, किती रकमेसाठी, हे लेखी मागा. मला तिसऱ्या खेपेला मिळालं, तेही काउंटरवरून न हलल्यामुळं. बँकेत लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन करता येते, फुकट. माझे बावीस दिवस झालेत. खर्चाचं आणि साठवणीचं खातं वेगवेगळं ठेवा, तेही वेगवेगळ्या बँकांत. एकाच बँकेच्या ॲपात एफडी म्हणजे दार लोटून ठेवलेलं घर. आणि 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी ३,०००' असा फोन मला दोनदा आलाय. यादी त्यांच्याकडंच असते आपली, ओळखा कुणाचा असेल.

आणखी एक. आमच्या वर्गातल्या एकानं खातं 'वापरायला' दिलंय, महिना ५,००० वर. गेमिंग कंपनीला लागतं म्हणे. माझे पैसे ज्या सहा खात्यांत गेले त्यांची नावं माझ्याकडं आहेत, ती असल्याच पोरांची असणार. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझं काय जातंय?" त्याच्याशी बोलणं सोडलंय.

वडिलांना सांगितलं महिन्यानं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, जेवण नीट मिळतंय ना मेसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा तिकडच्या ठाण्यातल्या कुणीतरी एकदाचा फोन उचलला. त्या फसलेल्या बाईचे दोन लाखांच्या वर गेलेत, एवढंच कळलं. ३,९०० आले त्या संध्याकाळी नफा झाला म्हणून मी रूमच्या दोघांना घेऊन तांबडा-पांढरा खायला गेलो होतो, ९६० रुपये बिल. वहीत ते 'पार्टी' म्हणून लिहिलंय. ते ३,९०० मी भरायला तयार आहे, असं लिहून पाठवलं, दुसऱ्या ईमेलवर. कुठल्या खात्यात भरू, हे विचारलंय. उत्तर आलेलं नाही.